ओएनटीच्या मागे स्वतःचा राउटर: जोडणी, स्पीड आणि दोन्ही डब्यांची सुरक्षितता

प्रश्न थोडक्यात असा: २ बीएचके फ्लॅट, २०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन. कंपनीच्या माणसाने दाराजवळ ओएनटी (फायबरची वायर जिथे येते तो डबा) बसवला, त्याचंच वाय-फाय चालू केलं आणि पासवर्ड म्हणून घरातला मोबाइल नंबर टाकला. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून वेगळा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) राउटर आणला, पण तो ओएनटीला जोडल्यावर स्पीड टेस्ट ९४च्या वर सरकत नाही. घरात दोन कॅमेरे आणि स्मार्ट टीव्ही आहे, पाहुण्यांचं येणंजाणं आहे. नवा राउटर नीट लावायचा कसा आणि सुरक्षित करायचा कसा?

आधी एक लक्षात घ्या. कंपनीने दिलेला ओएनटी म्हणजे नुसता फायबरचं इंटरनेटमध्ये रूपांतर करणारा डबा नाही. त्याच्यात वाय-फाय, बाहेरच्या जोडण्या अडवणारी फायरवॉल, उपकरणांना पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर, स्वतःचं अ‍ॅडमिन पान असं सगळं असतं. तुम्ही नव्या राउटरला कितीही भक्कम पासवर्ड लावला आणि ओएनटीचं वाय-फाय मोबाइल नंबरावर तसंच चालू ठेवलं, तर घरात शिरायची वाट उघडीच राहते. बहुतेक घरांमध्ये नेमकं हेच होतं. त्यामुळे खाली जे सांगतोय ते दोन्ही डब्यांना धरून आहे.

९४चं कोडं सोपं आहे. १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीतून डेटाच्या पाकिटांवरचा वरखर्च वजा जाता साधारण ९४-९५ एमबीपीएसच हाती लागतात. म्हणजे ओएनटी आणि राउटर यांच्यामधली जोडणी गिगाबिटवर (१००० एमबीपीएस) न होता १००वर झाली आहे. कारणं तीन असू शकतात. पहिलं, ओएनटीच्या चार पोर्टांपैकी अनेकदा एकच गिगाबिट असतो, बाकीचे १००चे. गिगाबिटवाल्यावर बहुधा ‘जीई’ किंवा ‘लॅन १’ असं लिहिलेलं असतं, वायर तिथे लावा. दुसरं, वायरच चार तारांची असते किंवा आठांपैकी एक तार क्रिम्पिंगमध्ये (टोकाला प्लग बसवताना) नीट बसलेली नसते. १००ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही जोड्या लागतात, म्हणून उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १००वर येतं. तिसरं आणि सगळ्यात वाईट, तुमच्या नव्या राउटरचेच पोर्ट १००चे असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘एसी १२००’ लिहिलेले कित्येक स्वस्त राउटर असेच असतात. तो आकडा दोन्ही बँडच्या कागदोपत्री वेगाची बेरीज असतो, वायरच्या पोर्टाशी त्याचा संबंध नाही. तसं निघालं तर राउटर बदलून घ्या, सेटिंगमध्ये त्यावर इलाज नाही.

वायर नवीन घ्यायची तर तयार क्रिम्प केलेली, शुद्ध तांब्याची कॅट-६ घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी भरपूर मिळतात. त्या हलक्या असतात आणि वळणावर तुटतात. लांबीची चिंता नको, इथरनेट १०० मीटरपर्यंत चालतं. दारापासून हॉलच्या मध्यापर्यंत १०-१५ मीटर पुरतात. भिंतीच्या कडेने पीव्हीसी केसिंग पट्टीतून न्या. लाइटच्या वायरिंगचा पाइप रिकामा दिसतोय म्हणून त्यातून ओढू नका. २३० व्होल्टच्या तारांसोबत डेटा केबल टाकणं धोक्याचं आहे.

आता दोघांपैकी राउटरचं काम कोणी करायचं ते ठरवू. सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे कंपनीला सांगून ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घेणं. मग ओएनटी फक्त फायबर सांभाळतो आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये जातं. ते युजरनेम, पासवर्ड आणि लागत असेल तर व्हीलॅन क्रमांक (कंपनी इंटरनेटच्या लाइनला देते तो) आधी लिहून घ्या, नाहीतर रीसेट केल्यावर पुन्हा कस्टमर केअरच्या रांगेत उभं राहावं लागेल. पीपीपीओईवर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ ठेवा. ते १५०० राहिलं तर काही साइट उघडतात, काही नुसत्या गरगरत बसतात, आणि दोष भलत्यालाच दिला जातो. काही कंपन्या जुन्या डब्याचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) बांधून ठेवतात. नवा राउटर लॉगिन घेत नसेल तर त्यांच्याकडून तो मोकळा करून घ्या किंवा राउटरमधलं ‘मॅक क्लोन’ वापरा.

कंपनी ब्रिज द्यायला तयार नसेल, किंवा लँडलाइन आणि टीव्हीही त्याच ओएनटीतून येत असेल, तर हट्ट धरू नका. राउटर ओएनटीच्या मागे साध्या राउटर मोडमध्येच लावा. दोन डबे एकामागे एक पत्ते बदलतात म्हणून याला डबल नॅट म्हणतात आणि त्याची उगाच भीती घातली जाते. ब्राउझिंग, ओटीटी, व्हिडिओ कॉल, बँकिंग यांत काही फरक पडत नाही. अडचण येते ती बाहेरून घरात जोडणी हवी असलेल्या गोष्टींना आणि काही ऑनलाइन गेमना. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (राउटर नुसता वाय-फाय पसरवतो) हा तिसरा पर्याय, पण तुमच्यासाठी तो सुचवणार नाही. त्यात फायरवॉल आणि पत्ते वाटणं ओएनटीकडेच राहतं, आणि बऱ्याच स्वस्त राउटरांमध्ये या मोडमधलं गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) मुख्य नेटवर्कपासून खरोखर वेगळं होत नाही.

डबल नॅटमध्ये एक चूक हमखास होते. ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि नव्या राउटरचाही तोच. दोन्ही बाजूंना एकच पत्तामाला आली की राउटर गोंधळतो: वाय-फायला फुल्ल दांड्या, पण नेट नाही. काही राउटर हे ओळखून आपला पत्ता आपोआप बदलतात, सगळे नाही. तुम्ही आधीच राउटरचा लॅन (घराच्या आतल्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.५०.१ करून टाका.

राउटर पहिल्यांदा चालू कराल तेव्हा ओएनटीची वायर लावू नका. लॅपटॉप राउटरच्या लॅन पोर्टला वायरने जोडा, खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका आणि सगळ्या सेटिंग इंटरनेटशिवाय पूर्ण करा. काही राउटर फक्त मोबाइल अ‍ॅपमधून सेटअप करायचा आग्रह धरतात आणि क्लाउड खातं उघडायला लावतात. ब्राउझरचं पान मिळत असेल तर तेच वापरा. खातं उघडावंच लागलं तर त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, कारण मग घराच्या राउटरची किल्ली त्या खात्यात असते.

सुरुवात अ‍ॅडमिन पासवर्डपासून. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा. वाय-फायचा पासवर्ड शेजाऱ्यांच्या मुलालाही कधी ना कधी सांगितला जातो, अ‍ॅडमिनचा कोणालाही सांगायची गरज पडत नाही. तो कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवला तरी चालेल; इंटरनेटवरून येणारा चोर ती फाइल उघडणार नाही. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे फार काही कसब नव्हतं, कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ तीत अर्थातच होतं.

मग वाय-फायचं नाव आणि पासवर्ड. नावात आडनाव, फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव नको, आणि कारखान्याचं नावही ठेवू नका. यामागे तांत्रिक कारण आहे: डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या प्रचलित सुरक्षा पद्धतीत पासवर्डपासून किल्ली तयार करताना नेटवर्कचं नाव त्यात मिसळलं जातं. प्रचलित नावांसाठी आधीच गणित करून ठेवलेल्या याद्या मिळतात, तुमच्या वेगळ्या नावाला त्या निरुपयोगी ठरतात.

मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून का नको, याचा हिशेब करून पाहा. तुमचा फोन वाय-फायला जोडला जातो तेव्हाची देवाणघेवाण जिन्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्याला पकडता येते. त्यानंतर त्याला तुमच्या राउटरजवळ थांबावं लागत नाही. घरी जाऊन तो एकेक पासवर्ड लावून पाहतो आणि राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. भारतातले मोबाइल नंबर १० अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. आजचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाख पासवर्ड तपासतं असं धरलं तरी सगळे नंबर ४,००० सेकंदांत, म्हणजे सव्वा तासाच्या आत संपतात. ‘नाव@१२३’ आणि जन्मतारखा तर त्याच्याही आधी. उलट एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून मध्ये आडव्या रेघा दिल्या, जसं घोंगडी-सातबारा-लिंबू-पायरी-तराजू, तर तो पासवर्ड फोनवर सांगता येतो आणि फोडता येत नाही. अट एकच, शब्द मनाने न निवडता एखादं पुस्तक कुठेही उघडून उचलायचे. मनाने निवडलेले शब्द गणपती, साई, शिवबा याच वाटेने जातात. (आणि वर दिलेलं उदाहरण आता जाहीर झालं, ते वापरू नका.) लांबीची मर्यादा ८ ते ६३ अक्षरं आहे.

सुरक्षेच्या प्रकारात राउटर आणि उपकरणं साथ देत असतील तर डब्ल्यूपीए२ची नवी आवृत्ती डब्ल्यूपीए३ निवडा. त्यात वरची ‘पकडून घरी नेण्याची’ युक्ती चालत नाही. पण जुने प्रिंटर, स्मार्ट बल्ब आणि बरेच कॅमेरे डब्ल्यूपीए३ ओळखत नाहीत, म्हणून घरोघरी डब्ल्यूपीए२ आणि ३चा मिश्र प्रकार ठेवावा लागतो. मिश्र प्रकारात पासवर्डची ताकद पुन्हा महत्त्वाची होते, कारण जुन्या पद्धतीने जोडणाऱ्या उपकरणाची देवाणघेवाण पकडता येतेच. काही उपकरणं मिश्र प्रकारातही अडखळतात, त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क नुसतं डब्ल्यूपीए२वर ठेवा. एनक्रिप्शन ‘एईएस’च हवं. ‘टीकेआयपी’ ही जुनी पद्धत निवडली तर सुरक्षा ढिली होतेच, शिवाय वेग ५४ एमबीपीएसच्या जोडणीवर अडकतो. डब्ल्यूईपी हा सगळ्यात जुना प्रकार, तो २००१ सालीच मोडला गेला, ते यादीत दिसलं तरी त्याकडे पाहू नका.

डब्ल्यूपीएस (पिन किंवा बटणाने वाय-फायला जोडण्याची सोय) पूर्ण बंद करा. स्टिकरवरचा आठ अंकी पिन दिसायला भक्कम वाटतो, पण राउटर त्याचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक नुसता पडताळणीचा असतो. म्हणजे पहिल्या तुकड्याच्या १०,००० आणि दुसऱ्याच्या १,००० मिळून ११,००० प्रयत्नांत काम होतं. २०११ च्या अखेरीस हे उघड झालं. ओएनटीवर हेच सेटिंग चालू राहिलेलं असतं, तेही पाहा.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर लावणं, हे दोन सल्ले सगळीकडे दिले जातात. दोन्हींवर वेळ घालवू नका. लपवलेलं नाव तुमचाच फोन जोडणी करताना हवेत उच्चारतो. परवानगी असलेले मॅक पत्ते हवेत उघडे फिरत असतात आणि नक्कल करायला मिनिटही लागत नाही. उलट अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे फिल्टरच्या कचाट्यात घरचीच माणसं सापडतात.

आता ओएनटी. वायर जोडा, त्याच्या पानावर जा, दोन्ही बँडचं वाय-फाय बंद करा आणि अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. पासवर्ड का बदलायचा याचं कारण गेस्ट नेटवर्कशी जोडलेलं आहे. राउटरचं गेस्ट नेटवर्क पाहुण्यांना तुमच्या लॅनमध्ये जाऊ देत नाही, पण ओएनटी तुमच्या राउटरच्या दृष्टीने इंटरनेटच्या बाजूला आहे. त्यामुळे डबल नॅटमध्ये पाहुण्याने १९२.१६८.१.१ टाइप केलं तर ओएनटीचं पान त्याच्यासमोर उघडतं. तसंच कॅमेऱ्याचा डीव्हीआर थेट ओएनटीच्या पोर्टला लावला असेल तर तोही पाहुण्यांना दिसतो. डीव्हीआर राउटरच्या मागे आणा. ओएनटीमधलं टीआर-०६९ मात्र कंपनीचं दूरस्थ नियंत्रण आहे, ते सहसा बंद करता येत नाही आणि बंद केलं तर तक्रार नोंदवताना अडचण होते. त्यासाठीच तर आपला राउटर मागे हवा: कंपनीचं नियंत्रण ओएनटीपर्यंत थांबतं.

गेस्ट नेटवर्कवर पाहुण्यांसोबत टीव्ही, बल्ब आणि क्लाउडवर चालणारे कॅमेरेही टाका. त्यांना फक्त इंटरनेट हवं असतं, तुमच्या लॅपटॉपमधल्या फाइली नकोत. मात्र फोनवरून टीव्हीवर कास्ट करत असाल तर टीव्ही मुख्य नेटवर्कवरच ठेवावा लागेल, नाहीतर फोनला तो सापडणार नाही. गेस्टला पासवर्ड नक्की ठेवा. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायचा गैरवापर करून पाठवला गेल्याचं तपासात निघालं. पोलीस आधी कनेक्शनधारकाच्या दारातच येतात. पाहुण्यांसाठी क्यूआर कोड छापून हॉलमध्ये लावला की पासवर्ड सांगायचा त्रासही वाचतो.

कॅमेरे बाहेरून पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट घरातल्या डीव्हीआरपर्यंत वाट उघडणं) करून देतो असं बसवणारा म्हणाला, तर नको म्हणा. त्याने डीव्हीआरचं लॉगिन पान साऱ्या जगासमोर येतं. कंपनीचं अ‍ॅप वापरा, किंवा राउटरमध्ये व्हीपीएन (बाहेरून घरात येण्याची कुलूपबंद वाट) सर्व्हर असेल तर तो. राउटरमधलं यूपीएनपी आणि रिमोट मॅनेजमेंट बंद ठेवा. यूपीएनपीमुळे घरातलं कुठलंही उपकरण न विचारता पोर्ट उघडतं. तसंही ब्रिज मोडमध्ये राउटरच्या आणि डबल नॅटमध्ये ओएनटीच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे (कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते त्या व्यवस्थेमागे) आहात. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग चालणारच नाही, तासन्‌तास सेटिंग बदलत बसू नका.

सीजीनॅटचं कवच आयपीव्ही६ला (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीला) नसतं, हे बहुतेक जण विसरतात. आयपीव्ही६ चालू असलं की घरातल्या प्रत्येक उपकरणाला जगातून पोचता येईल असा स्वतःचा पत्ता मिळतो. राउटरमध्ये आयपीव्ही६ची फायरवॉल वेगळी असते, ती चालू आहे ना हे डोळ्यांनी पाहा.

वॅन वायर लावल्यावर पहिलं काम फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट. आपोआप अपडेटची सोय असेल तर पहाटेची वेळ द्या आणि टाइमझोन साडेपाचचा करा, नाहीतर भलत्याच वेळी राउटर रीस्टार्ट होईल. डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) कंपनीचा, डबल नॅटमध्ये ओएनटीचा, किंवा १.१.१.१, ८.८.८.८, ९.९.९.९ यांपैकी पत्ता दिसायला हवा. अनोळखी आकडा दिसला तर तो कोणीतरी बदलला आहे असं समजा आणि राउटर रीसेट करून पुन्हा लावा. ते बदलणारा तुम्हाला बँकेच्या नावाखाली भलत्याच पानावर नेऊ शकतो.

राउटर ठेवा घराच्या मध्याजवळ, दीड-दोन मीटर उंचीवर, उघड्यावर. लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा, माशांची टाकी आणि आरसीसी खांब यांच्यामागे नको. टीव्हीच्या मागे दिसत नाही म्हणून लपवला तर सिग्नलही तिथेच राहतो. २.४ गिगाहर्ट्झला रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११. सोसायटीत मधले चॅनेल घेतले तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी भांडण होतं. ५ गिगाहर्ट्झला ८० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल ३६ किंवा १४९. ५२ ते १४४ रडारशी वाटून घेतलेले आहेत, राउटर तिथे आधी मिनिटभर ऐकत थांबतो आणि काही टीव्हींना ते दिसतच नाहीत. कॅमेरे किंवा बल्ब जोडताना अडले तर दोन्ही बँडचं एकत्र नाव तात्पुरतं वेगळं करा, कारण ते फक्त २.४ ओळखतात. शेवटच्या खोलीत तरीही रेंज कमीच राहिली तर रिपीटर घेऊ नका, तो बहुधा मिळेल त्याचा अर्धा वेग खातो. तिथपर्यंत वायर नेऊन दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा.

लोडशेडिंगसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्याल तेव्हा ओएनटी आणि राउटर, दोन्हींच्या अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाचा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिले तर जळतात. अँपिअरची मात्र बेरीज करा: एक १ अँपिअरचा आणि एक दीडचा, तर यूपीएस किमान अडीचचा हवा. कमी पडला की राउटर बंद पडत नाही, वारंवार रीस्टार्ट होतो.

ओएनटीवरचा लाल ‘लॉस’ (एलओएस) दिवा लागला तर प्रश्न फायबरचा आहे, राउटरला हात लावू नका. पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कुठे दुमडली आहे का ते पाहा, आणि कनेक्टर काढून त्यात डोकावू नका, प्रकाश दिसत नसला तरी असतो. कंपनीचा माणूस दुरुस्तीला येऊन गेला की ओएनटीच्या पानावर एकदा जा. रीसेट करून गेला असेल तर त्याचं वाय-फाय आणि डब्ल्यूपीएस पुन्हा चालू झालेलं असतं, पासवर्डही स्टिकरवरचा. आणि जुना राउटर भंगारवाल्याला किंवा कोणाला देण्याआधी मागचं रीसेटचं बटण पिनने दहा सेकंद दाबून धरा, त्यात तुमचं पीपीपीओईचं लॉगिन आणि वाय-फायचा पासवर्ड साठवलेला असतो.